हृदयरोपणानंतरचे न दुखणारे दुखणे

शहापूर तालुक्यात तानसा, भातसा आणि मोडकसागर हे जलाशय आहेत. मुंबईची तहान मोठ्या प्रमाणावर त्यांच्यावर भागते. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईकडे वाहते आहे. तरीही वैशाख लागला, की याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या काठी राहणे वेगळे आणि घरच्या नळाला पाणी येणे वेगळे, हे तेथील गृहिणींना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मानवी हृदयाची स्थितीही काहीशी अशीच आहे. दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त या मुठीएवढ्या अवयवातून वाहते. त्याचे कप्पे सदैव रक्ताने भरलेले असतात. पण त्या साठ्यातून हृदयाच्या भिंतीला आपली गरज भागवता येत नाही. तिला रक्त मिळते ते महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन स्वतंत्र रोहिण्यांतून. याच करोनरी रोहिण्या. मुळापाशी त्यांची रुंदी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर असते आणि हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्ताचा सुमारे विसावा भागच त्यांच्या वाट्याला येतो. एवढ्या बारीक नळ्यांवर साऱ्या देहाचा कारभार अवलंबून आहे. त्या अरुंद झाल्या की काय होते, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. अँजिओग्राफी, स्टेंट, बायपास हे शब्द मुरबाडच्या बाजारातही ऐकू येतात.

मात्र ज्याचे मूळ हृदय निकामी झाल्यामुळे दुसऱ्याचे हृदय बसवण्यात आले आहे, त्याच्या करोनरी रोहिण्यांना होणारा विकार निराळा आहे. तो कसा होतो, कोठे होतो आणि रुग्णाला कसा जाणवतो, या तिन्ही बाबतींत तो नेहमीच्या हृदयविकारापासून दूर आहे. त्याची माहिती रोपण झालेल्या व्यक्तीला रुग्णालयात दिली जाते. पण ती बहुधा तिच्या घरच्यांपर्यंत आणि गावच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. आणि रोपणानंतरचे आयुष्य तर जाते गावातच.

या विकाराची पहिली ठळक खूण हृदयरोपणाच्या आरंभकाळातच दिसली होती. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसावरील जगातील पहिले हृदयरोपण केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. त्यांचा दुसरा रुग्ण फिलिप ब्लायबर्ग हा दंतवैद्य होता. २ जानेवारी १९६८ रोजी त्याला अवघ्या २४ वर्षांच्या तरुणाचे हृदय मिळाले. ब्लायबर्ग घरी गेला, हिंडला-फिरला, समुद्रात उतरला. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली. ऑगस्ट १९६९ मध्ये, म्हणजे १९ महिन्यांनी, तो मरण पावला. शवविच्छेदनात त्या तरुण हृदयाच्या सर्वच करोनरी रोहिण्या म्हाताऱ्या माणसाच्या असाव्यात तशा जागोजागी अरुंद झालेल्या आढळल्या. चोवीस वर्षांच्या रोहिण्यांनी दीड-दोन वर्षांत पन्नास वर्षांची वाटचाल केली होती. हे केवळ वयाचे किंवा तुपातेलाचे काम नव्हे, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

मुंबईही त्या इतिहासात फार मागे नव्हती. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयरोपण केले. बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला, त्यालाही यश आले नाही. नकार आवरणारी प्रभावी औषधे हाती नव्हती, मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती. १९६८ या एका वर्षात जगात शंभरावर हृदयरोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण दगावल्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांत बहुतेक केंद्रांनी हे काम थांबवले. अमेरिकेतील स्टॅनफर्डचे डॉ. नॉर्मन शमवे आणि आणखी मोजकी मंडळी मात्र चिकाटीने मागे लागून राहिली. नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध तयार झाले, १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि मग चित्र पालटले. भारतात १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. अवयवदान दिन आता ३ ऑगस्टला पाळला जातो, तो त्यामुळेच.

योगायोग असा, की मुंबईत हृदयरोपण पुन्हा सुरू झाले तेही ऑगस्ट २०१५ च्या पहिल्याच आठवड्यात. मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ही शस्त्रक्रिया केली. हृदय पुण्याहून विमानाने आले, विमानतळापासून मुलुंडपर्यंतचा रस्ता पोलिसांनी मोकळा ठेवला, आणि ते मिळाले ठाणे जिल्ह्यातीलच एका तरुणाला. डॉ. सेन यांच्या प्रयत्नानंतर मुंबईला ४७ वर्षे थांबावे लागले होते. त्यानंतर मुंबई परिसरात ही शस्त्रक्रिया नियमाने होऊ लागली. मुलुंड हे मध्य रेल्वेवरचे स्थानक. आसनगावहून लोकलने आणि मुरबाडहून कल्याणमार्गे तेथे एका दिवसात जाऊन परत येता येते. त्यामुळे शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला हृदयरोपण ही आता केपटाऊनची किंवा दिल्लीची गोष्ट राहिलेली नाही.

आता मूळ विकाराकडे वळू. नेहमीच्या हृदयविकारात रोहिणीच्या आतल्या अस्तराखाली मेद साठतो आणि एखाद्या ठिकाणी, बहुधा मुळाजवळ, एका बाजूने गाठ तयार होते. शहापुरातून मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या जलवाहिनीत एखाद्या वळणावर दगड अडकावा, तसा हा प्रकार. दगड कोठे आहे हे कळले, की तेवढाच भाग मोकळा करता येतो किंवा त्याला वळसा घालून दुसरी नळी जोडता येते. स्टेंट आणि बायपास यांचे तत्त्व हेच. रोपण केलेल्या हृदयात मात्र नळीला सर्व बाजूंनी, सर्व लांबीभर आतून पापुद्रा धरत जातो. मोठ्या रोहिण्यांपासून डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म फांद्यांपर्यंत भिंत जाड होते आणि मधली वाट बारीक होत जाते. वैद्यकीय भाषेत याला कार्डियाक अॅलोग्राफ्ट व्हॅस्क्युलोपॅथी म्हणतात. मराठीत ‘रोपित हृदयाचा रोहिणीविकार’ म्हणता येईल.

हे घडते त्याचे मुख्य कारण म्हणजे देहाला पडलेला ‘हा कोण?’ हा प्रश्न. नवे हृदय बसवले तरी त्याच्या रोहिण्यांचे आतले अस्तर दात्याच्याच पेशींचे असते. रुग्णाच्या रक्तातील संरक्षक पेशींची परक्याशी पहिली गाठ पडते ती याच अस्तराशी. औषधांमुळे उघड लढाई टळते, परंतु कुरबुर पुरती थांबत नाही. त्या सततच्या डिवचण्याने अस्तर दुखावते, रोहिणीच्या भिंतीतील स्नायुपेशी आतल्या बाजूला सरकतात, वाढतात आणि भिंत जाड करतात. विशेष म्हणजे हा जाडपणा नव्या हृदयापुरताच असतो. रुग्णाच्या स्वतःच्या हातापायांच्या रोहिण्यांना असा त्रास होत नाही. मुख्य दोष परकेपणाच्या वादाचा आहे, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नसेल.

परंतु सर्व खापर त्याच्यावरच फोडता येत नाही. दात्याचे वय जास्त असेल, तर त्याच्या रोहिण्यांत आधीपासून थोडी गाठ असते. हृदय एका देहातून निघून दुसऱ्यात बसेपर्यंतच्या काळात त्याला रक्त मिळत नाही. त्याचाही ओरखडा अस्तरावर उमटतो. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू पुष्कळ निरोगी माणसांच्या शरीरात निपचित पडून असतो. प्रतिकारशक्ती दाबली गेली की तो डोके वर काढतो आणि रोहिण्यांना इजा करतो. म्हणून रोपणानंतरचे पहिले काही महिने त्याच्यावरची औषधे दिली जातात. यात रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांची भर पडते. नकार आवरण्यासाठी दिली जाणारी स्टिरॉइडे साखर आणि रक्तदाब वाढवतात, म्हणजे ज्या औषधाने हृदय टिकवायचे तेच दुसऱ्या बाजूने थोडे नुकसान करते. हा जमाखर्च डॉक्टरांना प्रत्येक भेटीत नव्याने मांडावा लागतो.

हृदयरोपणाच्या आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार पहिल्या वर्षाअखेर सुमारे ८ टक्के रुग्णांत, ५ वर्षांनी सुमारे ३० टक्क्यांत आणि १० वर्षांनी जवळजवळ निम्म्या रुग्णांत हा विकार अँजिओग्राफीत दिसू लागतो. हे आकडे वाचून घाबरण्याचे कारण नाही. दिसू लागणे आणि जिवावर बेतणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि रोपण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे आज बारा वर्षांच्या पुढे जगतात. पण आकडे लपवण्याचेही कारण नाही. पहिले वर्ष सुखरूप गेले म्हणजे सर्व संपले, असे समजून तपासण्या सोडणाऱ्या घरांची समजूत या आकड्यांनीच घालावी लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता येते. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडले की छातीत कळ येते, डावा हात दुखतो, घाम फुटतो. या खुणा शाळकरी मुलांनाही पाठ झाल्या आहेत. परंतु दात्याच्या देहातून हृदय काढताना त्याला जोडलेले मज्जातंतू कापावे लागतात. रोपणात रोहिण्या जोडता येतात. मज्जातंतू जोडता येत नाहीत. म्हणून रोपण केलेले हृदय बहुधा दुखत नाही. त्याला रक्त मिळेनासे झाले, एवढेच काय, हृदयाघात आला, तरी छातीत कळ येईलच असे नाही. काही रुग्णांत काही वर्षांनी तंतूंची थोडीफार वाढ होते आणि क्वचित वेदना जाणवतात; पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

मग हा विकार बोलतो कसा? चालताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागतो. दोन मजले चढणारा माणूस एका मजल्यावर थांबू लागतो. पाय सुजतात, रात्री आडवे झाल्यावर खोकला येतो, कारण नसताना थकवा वाटतो, छातीत धडधडते, एखाद्या वेळी भोवळ येते. कधी कधी कोणतीही पूर्वसूचना न देता अचानक मृत्यू ओढवतो. यातील बहुतेक लक्षणे खेड्यात सहज दुर्लक्षिली जाणारी आहेत. ‘उन्हाने झाले असेल’, ‘लावणीचे दिवस आहेत, थकवा येणारच’, ‘रक्त कमी असेल’, अशी उत्तरे तयारच असतात. टोकावडे किंवा धसईकडच्या एखाद्या डॉक्टरांसमोर असा माणूस आला आणि त्यांनी नेहमीप्रमाणे ‘छातीत दुखते का?’ असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. त्या ‘नाही’वर विसंबून त्याला जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन परत पाठवणे धोक्याचे आहे. हृदयरोपण झालेल्या माणसाला नवा दम, नवी सूज किंवा भोवळ आली, तर त्याच दिवशी रोपण केंद्राला दूरध्वनी करावा; शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय वा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय जवळ असेल तर तेथे तातडीचा उपचार व इसीजी होईल, पण केंद्राला कळवणे टाळू नये.

तंतू तुटल्याचा आणखी एक परिणाम घरच्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अशा हृदयाची नाडी विश्रांतीतही जलद असते, मिनिटाला ९० ते ११० च्या आसपास. श्रम सुरू केल्यावर ती लगेच वाढत नाही आणि थांबल्यावर लगेच उतरत नाही. शहापूरच्या मानस मंदिराच्या टेकडीवर जायचे असेल, तर पायथ्याशी पाच-दहा मिनिटे सावकाश चालून मगच चढायला लागावे आणि वर पोहोचल्यावर एकदम बसू नये. व्यायाम बंद करणे हा उपाय नव्हे. रोज नेमाने चालणे हे रोपणानंतरच्या उपचाराचाच भाग आहे.

हृदय स्वतः बोलत नाही म्हणून ठरावीक काळाने त्याची झडती घ्यावी लागते. बहुतेक केंद्रे दरवर्षी किंवा वर्षाआड करोनरी अँजिओग्राफी करतात. तीत एक अडचण आहे. अँजिओग्राफीत रोहिणीच्या आतल्या वाटेची सावली दिसते, भिंत दिसत नाही. एका जागी गाठ असेल तर शेजारच्या रुंद भागाशी तुलना करून ती ओळखता येते. पण सगळीच वाट सारखी बारीक झाली असेल, तर तुलना करायची कशाशी? सबंध गावच उपाशी असेल तर कोणाचा चेहरा उतरला आहे, हे कळत नाही, तसे ते होते. यासाठी बारीक नळीच्या टोकावर ध्वनिलहरींचे यंत्र बसवून ती रोहिणीच्या आत नेतात आणि भिंतीची जाडी आतूनच मोजतात. या तपासणीला आयव्हीयूएस म्हणतात. पहिल्या वर्षात भिंत अर्ध्या मिलिमीटरने किंवा त्याहून अधिक जाड झाली असेल, तर पुढची वाट अवघड आहे, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. ज्यांची मूत्रपिंडे अशक्त झाली आहेत, त्यांना अँजिओग्राफीतील रंगद्रव्याचा त्रास होऊ शकतो. त्यांच्यासाठी औषध देऊन केलेली स्ट्रेस इको किंवा पेट स्कॅन यांचा आधार घेतला जातो. कोणती तपासणी कधी, हे केंद्र ठरवते. ठरलेल्या तारखेला पोहोचणे हे मात्र घराचे काम.

उपचारांत सर्वांत मोठा लाभ एका साध्या, जुन्या औषधाने झाला. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातील औषधे रोपणानंतर लवकर सुरू केली, तर रोहिणीविकार कमी होतो आणि जगणाऱ्यांचे प्रमाण वाढते, हे लॉस एंजेलिसचे डॉ. जॉन कोबाशिगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून कोलेस्टेरॉल नेहमीच्या मर्यादेत असले तरी हृदयरोपणाच्या रुग्णाला स्टॅटिन देतात. रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून ‘ही कोलेस्टेरॉलची गोळी आता कशाला?’ असे म्हणून ती बंद करणारे नातेवाईक म्हणूनच चुकतात. २००३ मध्ये एव्हरोलिमस या औषधाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते आणि त्याचे भावंड सिरोलिमस स्नायुपेशींची वाढ रोखतात आणि भिंत जाड होण्याचा वेग कमी करतात. त्यांचेही दुष्परिणाम आहेत. जखम भरायला उशीर लागतो हा त्यांतला एक. विकार पुढे गेल्यावर एखाद्या जागी अडथळा असेल तर स्टेंट घालतात; पण तो पुन्हा बंद होण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आहे. बायपाससाठी जोड द्यायला पुढे चांगली रोहिणी लागते, आणि येथे शेवटच्या फांद्याच बारीक झालेल्या असतात. म्हणून बायपास क्वचितच शक्य होतो. आजाराच्या शेवटच्या अवस्थेत खरा उपाय एकच उरतो, तो म्हणजे दुसऱ्यांदा हृदयरोपण.

त्यामुळे सारा भर प्रतिबंधावर, आणि प्रतिबंध म्हणजे घड्याळ. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन ही नकार आवरणारी औषधे बहुधा बारा-बारा तासांनी घ्यावी लागतात. रक्तातील त्यांचे प्रमाण अरुंद पट्ट्यात ठेवावे लागते. कमी झाले तर नकार, जास्त झाले तर मूत्रपिंडाला इजा. ते तपासण्यासाठीचे रक्त सकाळची मात्रा घेण्यापूर्वी द्यायचे असते. टोकावड्याहून पहाटेच्या एस. टी. ने निघालेल्या माणसाने सवयीप्रमाणे घरीच गोळी घेतली, तर त्या दिवशीची तपासणी निरुपयोगी ठरते आणि आकडा फसवा येतो. गोळी खिशात ठेवून निघावे, रक्त दिल्यावर घ्यावी.

जैन कुटुंबांत येथे एक खास प्रश्न उभा राहतो. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी आणि चौविहार सूर्यास्ताला. जूनअखेर ठाणे जिल्ह्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वासातनंतर मावळतो; नवकारसीपासून चौविहारापर्यंत साडेबारा तासांच्या जवळपास वेळ मिळतो आणि दोन मात्रा कशाबशा बसतात. डिसेंबरअखेर मात्र सूर्योदय सातनंतर आणि सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे. हा अवधी जेमतेम सव्वादहा तासांचा उरतो. बारा तासांचे अंतर त्यात कोणत्याही हिशेबाने बसत नाही. ऋतूप्रमाणे गोळीची वेळ मागेपुढे सरकवणे हा मार्ग नव्हे. दिवसातून एकदाच घ्यायच्या स्वरूपातही टॅक्रोलिमस मिळते. ते एखाद्याला चालेल की नाही हे रोपण केंद्राच्या डॉक्टरांना विचारता येते. पच्चक्खाणात समाधीसाठी आगार ठेवलेला असतोच. त्याचा अर्थ गुरुमहाराजांकडून समजून घ्यावा, म्हणजे मनाला रुखरुख राहत नाही. अठ्ठाई, वर्षीतप किंवा पाण्याविना उपवास यांचा विचार तर डॉक्टरांना सांगितल्यावाचून मुळीच करू नये. ही औषधे मूत्रपिंडावर ताण देतात आणि पाणी तुटले की तो ताण दुणावतो. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते, हेही अनेकांना खटकते. तसे असल्यास पर्याय आहे का ते डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. कॅप्सूल फोडून आतले चूर्ण घेण्याचा घरगुती मार्ग धरला, तर मात्रा बिघडते.

काही बाबतींत घरची रीत उपयोगीच पडते. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाने पाणी उकळून प्यावे, असे डॉक्टर सांगतात. जैन घरांत ते आधीपासूनच उकळलेले असते. शिळे अन्न टाळणे, कंदमुळांची माती घरात न येणे, तंबाखूपासून दूर राहणे, हेही त्याच वाटेवरचे. कबुतरांना दाणे टाकण्याचे काम मात्र अशा व्यक्तीने दुसऱ्याकडे सोपवावे. त्यांच्या विष्ठेतील बुरशी दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसाच्या फुप्फुसात व मेंदूत शिरू शकते.

औषधांच्या आपसांतील वैरावर गावच्या डॉक्टरांनी विशेष लक्ष द्यावे. क्षयावरचे रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसचे प्रमाण एकदम खाली आणते. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांसारखी औषधे ते वर नेतात. गुडघेदुखीसाठी दिलेले डायक्लोफेनॅक मूत्रपिंडावर दुसरा घाव घालते. सायक्लोस्पोरिनबरोबर स्टॅटिनची मात्रा वाढवली तर स्नायू विरघळू लागतात. फळांत ग्रेपफ्रूट आणि आपल्याकडचे पपनस ही दोन वर्ज्य. ती यकृतातील व आतड्यातील औषध पचवणाऱ्या यंत्रणेत अडथळा आणतात. आणि गुळवेलीचा काढा किंवा ‘इम्युनिटी वाढवणारी’ कोणतीही पुडी देऊ नये. जी शक्ती दाबून ठेवण्यासाठी एवढा खटाटोप चालला आहे, तिलाच आवतण देण्याचा तो प्रकार होईल. भातलावणीच्या चिखलात अनवाणी उतरणेही टाळावे, कारण मुरबाडच्या पावसाळ्यात लेप्टोचा धोका निरोग्यांनाही असतो.

खर्चाबद्दल एवढेच सांगता येईल, की शस्त्रक्रियेचा खर्च मोठा असला तरी एकदाचा असतो, देणगीदार आणि विश्वस्त संस्था त्यासाठी पुढे येतात. औषधे, रक्ततपासण्या आणि वार्षिक अँजिओग्राफी यांचा खर्च मात्र आयुष्यभराचा असतो आणि त्याला वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येत नाही. एखाद्या समाजसंस्थेने दहा रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी थोडी-थोडी रक्कम देण्यापेक्षा दोघांच्या औषधांची दहा वर्षांची तरतूद केली, तर तो निधी अधिक सार्थकी लागेल. हप्ता चुकला तर बँक दंड आकारते आणि खाते चालू राहते; येथे एका महिन्याची औषधे चुकली तर अवयवच जाऊ शकतो.

दुसऱ्या रोपणाचा विषय वर आला. ते क्वचित होते, कारण हृदये मिळतात मोजकी. बहुधा मेंदूमृत्यू झालेल्या, पण यंत्राच्या साहाय्याने हृदय चालू असलेल्या व्यक्तीकडून हृदय मिळते. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू प्रमाणित करते; त्यानंतर घरच्यांची संमती. वाटपाचे काम मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहते. हृदय बाहेर काढल्यावर साधारण चार तासांच्या आत ते दुसऱ्या देहात धडधडू लागावे लागते. मुंबई-नाशिक महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो, माळशेजचा रस्ता मुरबाडमधून. या दोन्ही रस्त्यांवर डोक्याला मार लागलेली तरुण माणसे दरवर्षी ठाण्या-मुंबईच्या अतिदक्षता विभागांत पोहोचतात आणि त्यांतील काहींच्या नातेवाइकांना त्या बाकड्यावर बसून उत्तर द्यावे लागते. तेथे विचार करायला वेळ मिळतो तो काही तासांचाच. घरात कोणाची काय इच्छा आहे हे आधी बोलून ठेवलेले असेल, तर ते उत्तर मुलाला किंवा पत्नीला त्या रात्री एकट्याने शोधावे लागत नाही.